पेरू आणि भोपळा

सण म्हटला की प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरास स्वतःचा असा एक वास येतो. दिवाळीत भाजणीचा, संक्रांतीस तिळगुळाचा, होळीस पुरणाचा. आम्हां भावंडांच्या आठवणीत मात्र आणखी एक वास आहे, आणि तो आमच्या घरचा नव्हे, शेजारच्या घरचा आहे. लोण्यात कालवलेल्या मिऱ्या-दालचिनीचा आणि लाकडाच्या भट्टीत मंद भाजल्या जाणाऱ्या टर्की पक्ष्याचा तो वास. आमचे घर पूर्ण शाकाहारी. त्या पक्ष्याचा एक घासही आम्ही कधी खाल्लेला नाही. तरीही तो मसाला लावून, सारण भरून कसा भाजतात हे सांगावयास आम्ही बसलो आहोत, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. पण त्या भाजण्यात आमच्या घराचाही हात होता.

गोष्ट १९८५ च्या डिसेंबरातील. इंदुरात रामबागेच्या बाजूस एका जुन्या वाड्यात आम्ही राहत होतो. थोरली ताई अकरावीत, मधले आठवीत आणि धाकटा पाचवीत, अशी आमची तिघांची फौज. चौकापलीकडच्या दोन खोल्यांत एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत. त्या मूळच्या नगरकडच्या. तरुणपणी येथील मिशनच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून आल्या आणि येथल्याच झाल्या. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात १८७७ साली काम सुरू केले होते. त्या मंडळींच्या स्वयंपाकघरातून टर्की भाजण्याची रीत आमच्या शेजारीणबाईंकडे आली होती. कॅनडातील बेचव सारणास त्यांनी नगरच्या हाताने मसाला दिला होता, एवढाच फरक. आम्ही त्यांना ‘सिस्टरआजी’ म्हणत असू.

आमची आजी आणि सिस्टरआजी ह्यांचा तीस वर्षांचा शेजार. आजारपणात रात्रीच्या रात्री सिस्टरआजी आमच्या उशाशी बसत. दिवाळीस आमच्याकडचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई. नाताळास त्यांच्याकडून उलट ताट येई. पण त्यात शिजविलेले काहीही नसे. एक नारळ आणि डझनभर अखंड, न कापलेले पेरू. आजी परक्या चुलीवरचे काही घेत नसे, हे सिस्टरआजींना पहिल्याच वर्षी कळले होते. त्याचे वाईट वाटून न घेता त्यांनी त्यातून पेरूंची वाट काढली होती. आम्हां मुलांस ह्यात काही वावगे वाटत नसे. आता त्या ताटाची आठवण झाली की मान खाली जाते.

त्या वर्षी डिसेंबरच्या आरंभी सिस्टरआजी चौकात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये गेला. बोटीवर नोकरीस असलेला त्यांचा मुलगा चार वर्षांनी नाताळास घरी यावयाचा होता, आणि मार्चमध्ये तो त्यांना कायमचे आपल्याकडे विशाखापट्टणमला नेणार होता. म्हणजे त्या दोन खोल्यांतील हा शेवटचा नाताळ. मुलाने पत्रातून एकच मागणे केले होते : लहानपणीसारखी टर्की कर.

“एका हाताने काय होणार काकू? मसाला वाटायचा, सारण भरायचे, शिवायचे. यंदा केकवरच भागवते झाले,” असे त्या आजीजवळ म्हणाल्या. आजी गव्हातले खडे निवडीत होती. काही वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मसाला म्हणजे काय, मिरे-लवंगाच ना? मी वाटून देते. पोरे बाकीचे करतील. पक्ष्याला मात्र मी हात लावणार नाही.” आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही लावा. पण खायचा नाही. आणि घरात पाऊल टाकण्याआधी आंघोळ.” वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मान डोलावली.

असे आम्ही त्या कामास लागलो.

महूकडच्या एका कोंबड्या पाळणाऱ्याकडून २३ तारखेस पक्षी साफ होऊन आला. वजन सुमारे पाच किलो. एवढा मोठा पक्षी भाजण्यात मुख्य अडचण कोणती, हे सिस्टरआजींनी आम्हांस आधीच समजावून सांगितले. छातीचे मांस कोवळे व चरबी कमी, ते लवकर शिजते आणि लवकर कोरडे पडते. मांडीचे मांस चिवट, त्यातील तंतू मऊ व्हावयास अधिक आच व अधिक वेळ लागतो. एकाच भट्टीत, एकाच वेळी दोघांचेही समाधान करावयाचे. “घरातल्या दोन स्वभावांच्या माणसांसारखेच आहे हे,” असे त्या म्हणाल्या.

पहिला उपाय मिठाच्या पाण्याचा. त्यांच्या मोठ्या घंगाळात दर लिटर पाण्यास सुमारे ५० ग्रॅम मीठ विरघळविले, त्यात तमालपत्र व मिरे टाकले आणि पक्षी रात्रभर बुडवून ठेवला. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवते व भाजताना कोरडे पडत नाही. इंदूरची डिसेंबरातील रात्र गार असली तरी तेवढ्या गारठ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही कारखान्यातून बर्फ आणून घंगाळात घातला आणि रात्री दोनदा उठून पुन्हा घातला. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी ते भांडे त्यातच ठेवावे.

त्या रात्री जागरणाच्या निमित्ताने वडिलांनी आम्हांस ह्या पक्ष्याचा इतिहास सांगितला. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो प्राचीन काळीच माणसाळविला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तो नेमका कोठून आला हे कोणास ठाऊक नव्हते. म्हणून इंग्रजांनी त्यास तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटले, फ्रेंचांनीही हिंदुस्थानावरूनच नाव ठेविले, आणि पोर्तुगीज म्हणू लागले ‘पेरू’! हे ऐकताच धाकटा हसून लोळू लागला. आमच्याकडे दर नाताळास पेरू येत, आणि त्याच दिवशी पलीकडच्या घरातही ‘पेरू’च असे.

हिंदुस्थानात ह्या पक्ष्याचे आगमन झाले तेही पोर्तुगीजांच्या गोव्याहून. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्यात खरेदी केलेल्या अनेक नवलाईच्या वस्तू जहांगीर बादशहापुढे मांडल्या, त्यांत हा पक्षी होता. बादशहास निसर्गाचे मोठे वेड. आपल्या आत्मचरित्रात त्याने पक्ष्याचे वर्णन बारकाईने लिहिले आहे : आकार मोर व लांडोर ह्यांच्या मधला, मोरासारखा पिसारा फुलविणारा, आणि डोक्या-मानेचा रंग क्षणोक्षणी पालटणारा, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा. मन्सूर नावाच्या थोर चित्रकाराने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाच जहांगीर १६१७ साली कित्येक महिने आपल्या मांडूस मुक्कामास होता. इंदुराहून मांडू शंभर किलोमीटरच्या आतच. आणि सारण भरून पदार्थ करण्याची हौस माळव्यास त्याच्याही आधीपासूनची आहे. मांडूचा सुलतान गियासशाह, ज्याची कारकीर्द १४६९ ते १५०० ही होती, त्याच्या आवडीच्या पाककृतींचा ‘निअमतनामा’ नावाचा सचित्र ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेला आहे. त्यात समोशांच्या कितीतरी कृती आहेत. त्या समोशांत मिरची अथवा बटाटा मात्र नव्हता, कारण ह्या दोन्ही वस्तू तोवर हिंदुस्थानात पोहोचल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आजीने पाटा धुऊन घेतला. दोन चमचे मिरे, चार चमचे धने, दालचिनीचे दोन तुकडे, आठ लवंगा, अर्धे जायफळ, भिजविलेल्या बारा लाल मिरच्या, लसणीचे दोन गड्डे आणि बोटभर आले. तासभर वरवंटा चालला. वाटण रेशमासारखे झाल्यावाचून आजी उठली नाही. सिस्टरआजींनी त्यात पाव किलो लोणी, मीठ आणि थोडा सिरका मिसळून घेतला. पक्षी पुसून कोरडा केला. मग ताईने कातडीखाली हलकेच बोटे सारून छातीवर मसाला पसरविला. कातडीवर लावलेला मसाला करपतो, खाली लावलेला मांसात उतरतो.

सारणास शिळ्या पावाचा चुरा, उकडून कुस्करलेले बटाटे, परतलेला कांदा, मटार, काजू, बेदाणे, कोथिंबीर आणि त्याच वाटणाचा एक गोळा. मांसाचा त्यात अंशही नव्हता. बटाटे सोलण्यास आजी आमच्या ओसरीवर बसली होती. वडील गमतीने म्हणाले, “आई, ह्यातला बटाटा परदेशी, मिरची परदेशी, काजू परदेशी. सगळे त्या पक्ष्याच्या मुलखातले, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेले. पेरूचे फळही तिकडचेच.” आजीने विचारले, “आणि शेंगदाणे?” “तेही.” “साबुदाणा?” “ज्या कंदापासून तो करतात, तो कंदही.” आजीचा हात थांबला. “म्हणजे माझी एकादशी कोणत्या देशाची रे?” असे विचारून ती स्वतःच हसली. पण बटाट्याचे साल काढताना बराच वेळ ती गप्पच होती.

सारण तयार झाल्यावर सिस्टरआजींनी त्याचे दोन भाग केले. एक झाकून बाजूस ठेवला. दुसरा आमच्या हाती दिला आणि बाजारातून एक मध्यम लाल भोपळा आणविला. त्याचे टोपण कापून, आतील बिया काढून, त्यात हा दुसरा भाग भरावयाचा होता. “हा तुमच्या घरासाठी,” त्या म्हणाल्या. मग आजीकडे न पाहताच पुढे म्हणाल्या, “भट्टी एकच आहे काकू, ते मी लपवीत नाही. पण ट्रे वेगळा, सुरी वेगळी, सांडशी वेगळी. मुलांनी तुमच्या ओट्यावरच भरावा.” आजी काही बोलली नाही. तिने आमच्या घरातली सुरी काढून दिली.

नाताळचा दिवस उजाडला. सिस्टरआजी प्रार्थनेस जाऊन आल्या. सारण पक्ष्यात आदल्या रात्री भरून ठेवू नये, भट्टीत घालण्यापूर्वीच भरावे, असा त्यांचा सक्त नियम. ओलसर सारणात रोगजंतू वाढतात, हे त्यांना परिचारिका म्हणून पक्के ठाऊक होते. दुसरा नियम : सारण सैल भरावे. हा नियम त्यांनी सांगितला तेव्हा आम्ही ऐकला. त्या कपडे बदलावयास आत गेल्या तेव्हा विसरलो. एवढे छान सारण उरावे हे धाकट्यास पाहवेना. त्याने मुठीने दाबून दाबून सगळे आत बसविले आणि ताईने गोधडीच्या सुईने टाके घातले. छातीवर लोण्यात भिजविलेले मलमलीचे फडके पसरले. मग दोन ट्रे घेऊन आमची मिरवणूक गल्लीच्या टोकाच्या बेकरीकडे निघाली.

दिवाळीत नानकटाई भाजून आणावयास आम्ही ह्याच बेकरीत जात असू. बेकरीवाले चाचा सिस्टरआजींचे जुने रुग्ण. पहाटेचे पाव व नाताळचे केक निघाले होते आणि भट्टी आता मंदावत होती. टर्कीस अशीच भट्टी लागते. विटांनी रात्रभर साठविलेली आच हळूहळू बाहेर पडते व आतपर्यंत पोहोचते. चाचांनी लांब दांड्याच्या लाकडी फळीने टर्की आत खोल सरकविली आणि भोपळा झाकण घालून तोंडाशी ठेवला. अकरा वाजले होते. चार तास लागतील असा अंदाज. दर अर्ध्या तासाने फडक्यावर ट्रेमधील लोणी चमच्याने ओतावयाचे, हे काम आमचे.

दुपारी मुलगा आला. तीन वाजता जेवण ठरले होते. सिस्टरआजींच्या रुग्णालयातील चार जुन्या मैत्रिणीही आल्या. आम्ही दोन्ही ट्रे घेऊन आलो. भोपळा मऊ होऊन सोन्यासारखा झाला होता आणि टर्की तर दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. सिस्टरआजींनी विणकामाची लांब सुई घेतली आणि ती टर्कीच्या मध्यभागापर्यंत खुपसली. क्षणभर थांबून बाहेर काढली व ओठांस लावली. त्यांचा चेहरा पडला. सुई कोमट होती.

सारण दाबून भरल्यामुळे आच आतपर्यंत गेलीच नव्हती. मध्यभाग सुमारे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, तेव्हाच तो खाण्यास निर्धोक होतो, असे आज पाकशास्त्राची पुस्तके सांगतात. धाकटा रडवेला होऊन घरातून तापमापक घेऊन आला. तो ४२ अंशांपर्यंतच असतो, हे सांगताना सिस्टरआजींना हसू आवरेना, आणि त्या हसल्या म्हणूनच आमचा जीव भांड्यात पडला. त्यांनी “कोणी दाबले?” असे विचारले नाही. टाके उसविले, सारण काढून वेगळ्या कढईत पसरविले आणि टर्की परत भट्टीकडे पाठविली. चाचांनी बाजूस दोन लाकडे सारली. आमची घाई पाहून ते म्हणाले, “भट्टी को जल्दी नहीं होती, बेटा.”

इकडे पाहुणे ताटांवर बसलेले, आणि ताटांत वाढावयास तयार असा एकच मुख्य पदार्थ : आमच्या घरासाठी केलेला भोपळा.

आजी चौकात उभी राहून सारे पाहत होती. सिस्टरआजी अवघडल्या. तो भोपळा आता त्यांचा नव्हता. दिलेली वस्तू परत कशी मागावी? आजीच पुढे झाली. “अहो, वाढा ना तो. माणसे उपाशी बसली आहेत.” “तुमचा आहे काकू.” “मग मी सांगते, वाढा.” थोडे थांबून ती म्हणाली, “मलाही द्या थोडा. पानावर.”

ताईने धावत जाऊन केळीचे पान आणले. आजी त्यांच्या उंबऱ्याच्या आत जाऊन पाटावर बसली. तीस वर्षांत प्रथमच. मुलाने स्वतः भोपळ्याची एक फोड सारणासकट तिच्या पानावर वाढली. सगळ्यांचे घास हातातच राहिले होते. आजीने घास घेतला, सावकाश खाल्ला आणि म्हणाली, “मसाला चांगला उतरला आहे. मीठ जरा कमी पडले.”

“हाताचा अंदाज चुकला, काकू,” सिस्टरआजी प्लास्टर दाखवीत म्हणाल्या. आणि त्यांनी डोळ्यांस पदर लावला.

साडेपाचच्या सुमारास टर्की भट्टीतून आली. ती लगेच कापू नये. अर्धा तास तशीच झाकून ठेवावी, म्हणजे आतला रस मांसात मुरतो, नाहीतर ताटात वाहून जातो. तो अर्धा तास आजी तेथेच बोलत बसली. सुरी हाती घेतल्यावर मात्र ती उठून घरी आली. तो तिचा नियम होता. सिस्टरआजींनी तिला थांबविले नाही आणि तिनेही त्या पक्ष्यास नाक मुरडले नाही. आम्ही शब्द दिल्याप्रमाणे टर्की चाखली नाही. पाहुण्यांचे चेहरे पाहून ती उत्तम झाली असावी, एवढेच आम्ही सांगू शकतो.

१९८६ च्या मार्चमध्ये सिस्टरआजी इंदूर सोडून गेल्या. जाताना ती विणकामाची सुई त्यांनी धाकट्यास दिली. पुढे दर नाताळास त्यांचे पत्र येई आणि त्यात आजीसाठी एक ओळ ठरलेली असे : यंदा मीठ बरोबर घातले. आजी गेल्याचे १९९३ साली आम्ही त्यांना कळविले. त्या वर्षीच्या पत्रात ती ओळ नव्हती.

वाडा आता राहिला नाही. आम्ही तिघे तीन गावांस आहोत. पण २५ डिसेंबरला तिघांच्याही घरी लाल भोपळा भाजला जातो. सारण सैल भरतो. दुपारी एकमेकांस दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारतो, तो मिठाचा. आणि संध्याकाळी त्यातील एक फोड झाकून शेजारी नेऊन देतो. नेण्यापूर्वी त्यांच्याकडे काय चालते आणि काय चालत नाही, हे विचारून घेतो. सिस्टरआजींनी तीस वर्षे ते न विचारताच ओळखले होते. आमच्या घराने मात्र त्यांच्या चुलीवरचे एकदाच खाल्ले, आणि तेही त्या जावयास निघाल्या तेव्हा.